वनातील कलावंत : पाहुणा की भागीदार?

बस्तरच्या जंगलावरील बंदुकीचे सावट विरळ होऊ लागले आहे. २०२५ च्या मे महिन्यात अबूझमाडच्या परिसरात माओवादी पक्षाचे सरचिटणीस बसवराजू मारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेजारच्या गडचिरोलीत वेणुगोपाल राव यांनी आपल्या साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. या चळवळीच्या बीमोडासाठी केंद्र सरकारने ३१ मार्च २०२६ ही मुदत घातली होती. या घडामोडींचा राजकीय अर्थ लावणे हा स्वतंत्र विषय आहे. परंतु त्यांचा एक परिणाम आताच दिसू लागला असून तो म्हणजे बस्तर बाहेरच्यांसाठी खुले होत आहे. सैनिकांच्या मागोमाग रस्ते बांधणारे येतात, त्यांच्या मागून खाणवाले आणि पर्यटक येतात. २०२५ च्या वसंतात छत्तीसगढ सरकारने ‘बस्तर पंडुम’ नावाचा मोठा सांस्कृतिक उत्सव भरवून आदिवासींचे नृत्य, गीत, वेशभूषा आणि हस्तकला यांचे प्रदर्शन मांडले. उत्सवामागून शहरातले कलावंत येणार, हे ओघानेच आले.

कलावंतांनी जंगलात जाण्याला हरकत घेण्याचे काहीच कारण नाही. देशोदेशीच्या कलासंस्था आज चित्रकार-शिल्पकारांना काही आठवडे किंवा काही महिने एखाद्या वनप्रदेशात राहण्याची सोय करून देतात. तेथील झाडे, पाणी, माती आणि माणसे यांना प्रतिसाद म्हणून काही निर्माण करावे, तेही शक्यतो स्थानिकांच्या सहभागाने करावे, अशी अपेक्षा असते. ‘रेसिडेन्सी’ या नावाने ही प्रथा आता आपल्याकडेही रुळली आहे. प्रश्न आहे तो ‘सहभाग’ या शब्दाचा. हा शब्द निवेदनपत्रात लिहिणे सोपे आणि व्यवहारात आणणे फार कठीण आहे. ज्या प्रदेशाने शंभराहून अधिक वर्षे बाहेरच्या माणसाच्या योजना सोसल्या, त्या बस्तरमध्ये तर या शब्दाची कसोटी अधिकच कडक लागणार आहे.

ही प्रथा ज्या उदाहरणांमुळे नावारूपास आली, त्यांत इंग्लंडमधील ग्राइझडेल हे प्रमुख म्हणावे लागेल. लेक डिस्ट्रिक्टमधील हे जंगल सरकारी वनखात्याच्या ताब्यात आहे. १९७७ साली तेथे शिल्पकारांना राहण्यास बोलावण्याचा उपक्रम सुरू झाला. जंगलातच राहावे, तेथलेच लाकूड आणि दगड वापरावेत, कलाकृती झाडांमध्ये ठेवून निघून जावे आणि ऊनपावसाने ती हळूहळू मातीत मिसळू द्यावी, अशी ती कल्पना होती. डेव्हिड नॅश, अँडी गोल्ड्सवर्दी यांच्यासारख्या शिल्पकारांनी तेथे काम केले. चौकट आणि चबुतरा सोडून शिल्प जंगलात आले, ही गोष्ट कलेच्या इतिहासात महत्त्वाचीच होय. पण तेथे जंगलाची मालकी कोणाची, हा प्रश्न कोणी विचारीत नव्हता. यजमान म्हणजे वनखाते आणि पाहुणा म्हणजे कलावंत, इतका तो व्यवहार सरळ होता.

भारतातील जंगल असे मोकळे नाही. चित्रकार ज्याला निसर्गदृश्य म्हणतो, ते तेथे राहणाऱ्याच्या दृष्टीने दृश्य नसते. तो त्याचा शेजार असतो, त्याचे कोठार असते, त्याचे देवस्थान असते आणि पुष्कळदा त्याचा न्यायालयातला दावाही असतो. बस्तरचा इतिहास हेच सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील जंगलाचा फार मोठा हिस्सा राखीव करण्याचे घाटले गेले. शिकार, फिरती शेती आणि वनोपज यांवर बंधने येऊ लागली, त्यातच वेठबिगारीचा जाच होता. १९१० साली त्याचा स्फोट ‘भूमकाल’च्या उठावात झाला. आंब्याच्या डहाळ्या, मातीचे ढेकूळ, मिरच्या आणि बाण गावोगाव फिरवून लोकांनी एकमेकांना निरोप दिले. इंग्रजी फौजेने उठाव मोडला. परंतु राखीव करावयाचे क्षेत्र बरेच कमी करावे लागले. पुढे स्वतंत्र भारतात, १९७५ च्या सुमारास, जागतिक बँकेच्या साहाय्याने बस्तरचे सालवन तोडून त्या जागी कागदाच्या लगद्यासाठी पाइन लावण्याची योजना आली. लोकांच्या विरोधामुळे ती काही वर्षांत गुंडाळावी लागली. मधल्या काळात, १९६८ पासून, बैलाडिलाच्या डोंगरांतून लोहखनिज काढले जाऊ लागले होते आणि ते काम आजही चालू आहे. परके राज्य, आपले राज्य आणि आंतरराष्ट्रीय बँक या तिघांनीही या जंगलाचा ‘विचार’ केला, पण त्यात राहणाऱ्यांना विचारले नाही. चौथा विचार करणारा कलावंत असेल, तर त्याने हा इतिहास माहीत करून घेतला पाहिजे.

त्याने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी लागेल. बस्तरची कला ‘जंगलाविषयी’ नाही, ती जंगलापासून बनलेली आहे. कोंडागावचे घडवा कारागीर पितळेच्या मूर्ती ओततात, त्यासाठी आधी मातीचा गाभा घडवितात. त्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून देवीचे डोळे, घोड्याचा लगाम, हत्तीची झूल उठवितात. वरून मातीचा लेप देऊन साचा भाजतात. मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या जागी तप्त धातू शिरतो. हे मेण जंगलातले, त्यात मिसळायची राळ सालाची, लेपाची माती पुष्कळदा वारुळाची आणि भट्टीचे इंधनही जंगलातलेच. जंगल गेले तर मूर्तीचा विषयच नव्हे, मूर्तीची कृतीही जाते. म्हणूनच वनहक्काचा प्रश्न हा तेथील कारागिराच्या दृष्टीने कलेबाहेरचा प्रश्न ठरत नाही.

याच कोंडागावात गेली पंचवीस-तीस वर्षे एक प्रयोग चालत आला आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाविद्यालयात शिकलेल्या आणि सत्तरीच्या दशकात डाव्या युवक चळवळीत काम केलेल्या चित्रकार-शिल्पकार नवजोत अल्ताफ १९९७ च्या सुमारास, बंगळूरच्या एका कलाविषयक प्रतिष्ठानाच्या अनुदानावर, बस्तरमध्ये गेल्या. घडवा कलेतील नामांकित कारागीर जयदेव बघेल यांच्या शिल्पिग्राममध्ये त्यांनी स्थानिक कलावंतांसह काम सुरू केले. राजकुमार कोर्राम, शांतिबाई आणि इतर सहकारी त्यांच्याबरोबर होते. प्रत्येकाने आपापले काम करावे, एकमेकांचे काम पाहावे, त्यावर वाद घालावा, हा आरंभीचा क्रम होता. प्रतिष्ठानाचे अनुदान ठराविक मुदतीचे असते. बहुतेक कलावंत मुदत संपली की परततात आणि शहरात प्रदर्शन भरवितात. येथे काम मुदतीपलीकडे गेले, हाच पहिला महत्त्वाचा फरक होय.

२००० च्या सुमारास या गटाने जे काम हाती घेतले, ते कोणत्याही कलादालनात मावणारे नव्हते. हातपंपाभोवतीची जागा हा त्यांचा विषय होता. गावोगावी पंप असतात आणि त्यांच्याभोवती चिखल असतो. भरलेले भांडे जमिनीवरून उचलून डोक्यावर घेताना बाईच्या कमरेत आणि मानेत कळ येते. पाणी भरणे हे बायकांचे आणि मुलांचे काम मानलेले असल्याने ही कळ पंचायतीच्या कामकाजात कधी नोंदली जात नाही. गटाने बायकांशी बोलून, कार्यशाळा घेऊन पंपाभोवतीच्या जागेचे आराखडे तयार केले. भांडे टेकवून सहज डोक्यावर घेता येईल अशा उंचीचे टप्पे केले, सांडपाण्याला वाट करून दिली आणि भिंतींवर त्या परिसरातल्या कल्पनांतून आलेल्या आकृती उठविल्या. या रचनांना ‘नलपार’ असे नाव मिळाले. त्यानंतर मुलांसाठी ‘पिला गुडी’ उभ्या राहिल्या. गुडी म्हणजे देऊळ, आणि येथे ते मुलांनी जमून बोलण्याचे, खेळण्याचे, चित्रे काढण्याचे ठिकाण झाले. मराठी वाचकाला ‘पार’ आणि ‘पिला’ हे शब्द परके वाटणार नाहीत. बस्तरची व्यवहारभाषा जी हलबी, तिचा विचार ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात मराठीच्याच खंडात केला आहे.

या कामावर दोन बाजूंनी आक्षेप घेता येतात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप कलेच्या कैवाऱ्यांचा. पंपाचा ओटा बांधणे हे बांधकाम खात्याचे काम आहे, कलावंताने समाजसेवक का व्हावे, असे ते म्हणतील. परंतु बांधकाम खात्याने बांधलेला ओटा आणि नलपार यांत सौंदर्याइतकाच निर्णयाचाही फरक आहे. ओट्याची उंची किती, बाई कोणत्या बाजूने येते, ती तेथे किती वेळ थांबते आणि कोणाशी बोलते, हे प्रश्न कोणी तरी रूपाचे प्रश्न म्हणून विचारले, तेव्हाच ती रचना शक्य झाली. ज्या कलेने देवळाच्या पायऱ्या आणि नदीचे घाट घडविले, तिला उपयुक्ततेचे वावडे नव्हते. उपयोग आणि रूप यांची फारकत ही तुलनेने अलीकडची आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. अनुदान मागण्याचे इंग्रजी शहरातल्या कलावंताला येते, कारागिराला येत नाही. कंटाळा आला, आजार झाला किंवा गोळीबार सुरू झाला, तर एकाला मुंबईला परतता येते, दुसऱ्याला येत नाही. मग सहकार्य बरोबरीचे कसे? ही विषमता कोणत्याही सद्भावनेने नाहीशी होत नाही, हे मान्य केले पाहिजे. तिला तोलून धरणाऱ्या गोष्टी मात्र असू शकतात. कोंडागावात बाहेरून आलेला कलावंत वर्षानुवर्षे परत येत राहिला. सहकाऱ्यांची नावे ‘मदतनीस’ म्हणून तळटीपेत न जाता कलावंत म्हणून पुढे आली. लाकूड कोरण्याचे काम जेथे पुरुषांचे समजले जाई, तेथे शांतिबाईंसारखी स्त्री स्वतःच्या नावाने शिल्पकार म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे या मंडळींनी मिळून ‘डायलॉग’ ही संस्था आणि कोंडागावातच तिचे केंद्र उभे केले. याचा अर्थ विषमता संपली असा नव्हे. ती लपवून ठेवण्याऐवजी कामाचा भाग झाली, इतकाच त्याचा अर्थ घ्यावयाचा.

ही सावधगिरी नसेल तर काय होते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक रेखाटण्याचा मान सुवासिनींचा होता. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणकारांमुळे ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी त्या रेषेला स्वतंत्र प्रतिभेची जोड दिली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. ते सर्वस्वी योग्यच झाले. परंतु ज्या बायकांच्या हातांनी ही परंपरा पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवली, त्यांची नावे फारशी नोंदलीच गेली नाहीत. आज तीच आकृती चादरींवर, कपबशांवर, उपाहारगृहांच्या आणि शासकीय इमारतींच्या भिंतींवर कोणाच्याही नावाशिवाय काढली जाते. सामूहिक कला म्हणजे कोणाचीच नसलेली कला, असा सोयीचा अर्थ बाजाराने लावून घेतला आहे.

मध्य प्रदेशातील पाटनगढचे परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांची कहाणी याहून दुःखद आहे. १९८२ साली भोपाळला भारत भवन सुरू झाले. जगदीश स्वामीनाथन यांनी तेथे शहरी आणि आदिवासी कला एकाच छपराखाली, समान मानाने मांडली. जनगढ यांची प्रतिभा त्या वातावरणात फुलली. १९८९ साली पॅरिसच्या विख्यात प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि त्यांच्या मागून एक संपूर्ण चित्रशैली उभी राहिली. हेच जनगढ जपानमधील निईगाता प्रांतातल्या एका संग्रहालयात काम करण्यासाठी गेले असता तेथील मुक्काम लांबला. घरी पाठविलेल्या पत्रांतून परतीची ओढ व्यक्त होत होती. २००१ च्या जुलै महिन्यात त्यांनी तेथेच आत्महत्या केली. एखाद्या माणसाच्या मनातील अंधाराचा दोष एकाच कारणावर टाकणे उचित नाही. तथापि, निवासाच्या अटी कोणत्या, मोबदला किती, परतण्याचे स्वातंत्र्य कोणाच्या हाती, भाषा न समजणाऱ्या पाहुण्याची काळजी कोणी घ्यायची, हे प्रश्न त्या मृत्यूने कायमचे उभे केले आहेत. शहरातला कलावंत जंगलात जातो, तेव्हा त्याच्या परतीचे तिकीट त्याच्या खिशात असते. जंगलातला कलावंत शहरात जातो, तेव्हा ते बहुधा दुसऱ्याच्या खिशात असते. निवासी उपक्रमांचे सारे नीतिशास्त्र या एका फरकात सामावले आहे.

याबरोबरच अशा उपक्रमांकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नयेत. नलपारामुळे बायकांची पाठ थोडी वाचते, पण जंगलाचा मालक कोण हे ठरत नाही. कलावंतांच्या गटाने कितीही उत्तम काम केले, तरी खाणीचा पट्टा त्यामुळे रद्द होत नाही. खुद्द नवजोत अल्ताफ यांच्या कामाचा रोख पुढे याच प्रश्नाकडे वळला. छत्तीसगढमधील खाणी, विस्थापन आणि प्रतिकार यांविषयीच्या साक्षी त्यांनी चित्रफितींतून नोंदविल्या आणि २०१८ च्या डिसेंबरात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या शीर्षकातच पृथ्वीचे काळीज उपटले गेल्याची भाषा होती. हातपंपापासून खाणीपर्यंतचा हा प्रवास अपरिहार्य होता. जंगलाला खरोखर प्रतिसाद द्यावयाचा तर पानांच्या हिरव्या छटांपाशी थांबता येत नाही.

मग शासनाने आणि कलासंस्थांनी काय करावे? सुदैवाने कायदा या बाबतीत समाजापेक्षा पुढे आहे. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती यांचे जतन करण्यास सक्षम मानतो. २००६ चा वनहक्क कायदा याहूनही एक पाऊल पुढे जातो. जैवविविधता आणि सांस्कृतिक वैविध्य यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर तो समाजाचा सामूहिक हक्क सांगतो. ही कलमे औषधी वनस्पतींच्या संदर्भात कधीमधी उच्चारली जातात, कलेच्या संदर्भात क्वचितच. वास्तविक वनप्रदेशातील प्रत्येक निवासी कला-उपक्रम ग्रामसभेपुढे मांडला गेला पाहिजे. कोण येणार, किती दिवस राहणार, काय नेणार, काय ठेवून जाणार, पैसा किती आणि कोणाला, प्रदर्शनात नावे कोणाची, हे सारे तेथल्या भाषेत सांगितले जावे. आणि ग्रामसभेला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार असावा. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला सहभाग म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, प्रतिभेला परवान्याच्या दारात उभे केले तर ती कोमेजेल. हे भय अनाठायी आहे. बस्तरच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अभ्यासगटात प्रश्नाची चर्चा करायची आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, ही त्या गावाची रीत पुष्कळ वर्षांची आहे. अशा गावात एखाद्या कलावंताने आपली कल्पना मांडावी आणि तिच्यावर झाडाखाली वाद व्हावा, यात प्रतिभेचा अपमान कोणता? उलट शहरातील निवड समितीपेक्षा हे परीक्षक अधिक जाणते ठरण्याचा संभव आहे. कारण काम ज्या जंगलात उभे राहावयाचे, ते त्यांना झाडाझाडाने ठाऊक असते.

बस्तरमध्ये आता उत्सव होतील, कलाग्रामे निघतील, निवासी शिबिरे भरतील. शासनालाही शांततेचे रंगीत चित्र हवे असेल. अशा वेळी आदिवासी कलावंताला मंचावर नाचविणे सोपे असते, त्याला निमंत्रकाच्या खुर्चीवर बसविणे कठीण. उपक्रमाचे यश किती कलाकृती निर्माण झाल्या यावर मोजू नये. शिबिर उठल्यावर दहा वर्षांनी गावात काय उरले, कोणाचे नाव उरले आणि पुढच्या पाहुण्याला गावाने स्वतःहून बोलावले की नाही, यावरून ते मोजावे. बंदुका शांत झाल्या म्हणजे जंगलाशी संवाद सुरू झाला, असे आपोआप होत नाही. संवादासाठी दुसऱ्या बाजूला बोलण्याचा आणि बोलावण्याचा हक्क द्यावा लागतो. तो हक्क कायद्याच्या पुस्तकात आहेच. शासनाने आणि कलासंस्थांनी तो आपल्या पहिल्याच निमंत्रणपत्रिकेपासून पाळावयास हवा.